हक्क देणारा शब्द

माणसांप्रमाणे शब्दही प्रवास करतात. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना ते आपला उच्चार बदलतात आणि अर्थही बदलतात. प्रस्तुत पाठात ‘एन्फ्रँचाइझ’ या इंग्रजी क्रियापदाचा असाच प्रवास सांगितला आहे. या शब्दाचा एक दूरचा नातेवाईक आपल्या मराठीत आणि उर्दूतही राहतो. तो कोण, हे पाठ वाचताना कळेल.

निवडणुका जवळ आल्या की इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘फ्रँचाइझ’ हा शब्द दिसू लागतो. तेथे त्याचा अर्थ असतो मत देण्याचा हक्क. क्रिकेटच्या बातम्यांतही असाच शब्द भेटतो. २००८ साली आयपीएलचे सामने सुरू झाले. तेव्हापासून त्यातील संघांना ‘फ्रँचायझी’ म्हणतात. एखाद्या मोठ्या कंपनीच्या नावाने चालणारे खाद्यपदार्थांचे दुकान दिसले, तर लोक म्हणतात, “या दुकानदाराने फ्रँचायझी घेतली आहे.” मग आपल्याला प्रश्न पडतो, मतदान, क्रिकेटचा संघ आणि खाण्याचे दुकान यांचा एकमेकांशी संबंध काय?

हा संबंध समजण्यासाठी शब्दाची फोड करून पाहू. इंग्रजीत ‘एन’ हे अक्षर शब्दाच्या आधी लावून क्रियापद तयार करतात. ‘रिच’ म्हणजे श्रीमंत. ‘एनरिच’ म्हणजे समृद्ध करणे. ‘लार्ज’ म्हणजे मोठा. ‘एनलार्ज’ म्हणजे मोठा करणे. त्याचप्रमाणे ‘एन्फ्रँचाइझ’ या शब्दाच्या पोटात ‘फ्रँक’ हा जुना शब्द आहे. जुन्या फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ होता स्वतंत्र, मोकळा. म्हणून ‘एन्फ्रँचाइझ’ म्हणजे मोकळा करणे. उर्दूत आपण ‘आझाद करना’ म्हणतो, तसाच हा शब्द आहे.

आता पुढचा प्रश्न. ‘फ्रँक’ या शब्दाला ‘स्वतंत्र’ हा अर्थ कसा मिळाला? फ्रँक हे मुळात एका लोकसमूहाचे नाव होते. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी या लोकांनी गॉल नावाचा प्रदेश जिंकला. आज त्या प्रदेशातील मोठ्या देशाला आपण फ्रान्स म्हणतो. ‘फ्रान्स’ हे नावही फ्रँक लोकांवरूनच पडले. जिंकलेल्या प्रदेशात सगळ्यांचे हक्क सारखे नव्हते. पूर्ण स्वतंत्र असा दर्जा जेत्या फ्रँक लोकांना होता. त्यामुळे हळूहळू ‘फ्रँक’ म्हणजे ‘स्वतंत्र माणूस’ असा अर्थ रूढ झाला. जो कोणाचा बांधील नाही, तो फ्रँक. म्हणजे ज्या शब्दाने पुढे लोकांना हक्क दिले, तो शब्द सुरुवातीला केवळ राज्य करणाऱ्यांच्या हक्काचा होता.

याच फ्रँक लोकांच्या नावाची एक फांदी पूर्वेकडे आली. मध्ययुगात अरब लोक पश्चिम युरोपातील सर्वच लोकांना ‘फरंज’ किंवा ‘इफरंज’ म्हणत. फारसीत त्याचे ‘फरंग’ झाले. फरंग देशाचा रहिवासी तो ‘फरंगी’. उर्दूत हा शब्द ‘फिरंगी’ असा झाला आणि मराठीनेही तो तसाच घेतला. पोर्तुगीज लोक १४९८ साली समुद्रमार्गाने भारतात आले. मराठीत प्रथम त्यांना ‘फिरंगी’ म्हणत असत. मराठ्यांच्या सैन्यात युरोपीय पात्याची सरळ व लांब तलवार वापरली जाई. तिचे नाव ‘फिरंग’. पुढे इंग्रजांनाही लोक फिरंगी म्हणू लागले.

येथे थोडे थांबून विचार करा. ‘फ्रँचाइझ’ आणि ‘फिरंगी’ हे एकाच घराण्यातील दोन शब्द आहेत. युरोपात त्या घराण्यातील शब्दाचा अर्थ झाला ‘स्वतंत्र’. आपल्याकडे त्याचा अर्थ झाला ‘परका राज्यकर्ता’, म्हणजे ज्याने आपले स्वातंत्र्य घेतले तो! शब्द एकच, पण तो कोणी कोणाबद्दल वापरला यावरून त्याचा अर्थ ठरला.

आता आपण इंग्लंडकडे वळू. १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातील राजाधिराज नव्हे, तर तेथील एक सरदार विल्यम याने इंग्लंड जिंकले. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे इंग्लंडच्या दरबारात व न्यायालयांत फ्रेंच भाषेचा मोठा मान होता. त्या काळात शेकडो फ्रेंच शब्द इंग्रजीत आले. ‘फ्रँचाइझ’ हा त्यांपैकीच एक. ‘एन्फ्रँचाइझ’ हे क्रियापद पंधराव्या शतकातील इंग्रजी लिखाणात आढळते.

त्या वेळी त्याचा पहिला अर्थ होता ‘दास्यातून मुक्त करणे’. तेव्हा इंग्लंडमध्ये भूदास असत. भूदास म्हणजे जमिनीला बांधलेला शेतकरी. त्याला जमीनदाराच्या शेतावर फुकट काम करावे लागे. जमीनदाराच्या परवानगीशिवाय तो गाव सोडू शकत नसे. जमीनदाराने त्याला या बंधनातून सोडले, की तो ‘एन्फ्रँचाइझ’ झाला असे म्हणत. शेक्सपियरच्या नाटकांत हा शब्द कैदेतून सोडण्याच्या अर्थानेही आला आहे.

दुसरा अर्थ होता ‘शहराच्या हक्कांत सामील करून घेणे’. मध्ययुगातील शहरांत कोणालाही व्यापार करता येत नसे. जो शहराचा ‘मोकळा माणूस’ म्हणून नोंदला जाई, त्यालाच दुकान थाटण्याचा हक्क मिळे. बाहेरच्या माणसाला असा हक्क दिला, की त्यालाही ‘एन्फ्रँचाइझ’ केले असे म्हणत.

तिसरा अर्थ जमिनीचा आहे. इंग्लंडमध्ये काही जमिनी जमीनदाराच्या अटींवर कसल्या जात. ठरावीक रक्कम भरून त्या अटी काढून टाकता येत. मग ती जमीन ‘मोकळी’ होई. या व्यवहारासाठीही हेच क्रियापद वापरत. तेथे आजही भाडेपट्ट्यावर असलेल्या घराची पूर्ण मालकी विकत घेण्याच्या हक्काला याच शब्दाने ओळखतात. १९६७ सालच्या एका कायद्याने हा हक्क अनेक भाडेपट्टेदारांना मिळाला.

‘फ्रँचाइझ’ या नामाचाही अर्थ असाच वाढत गेला. राजा एखाद्याला बाजार भरवण्याची, जत्रेत कर घेण्याची किंवा नदीवर होडी चालवण्याची खास मुभा देई. त्या मुभेला ‘फ्रँचाइझ’ म्हणत. आपल्याकडे अशा गोष्टींना सनद, परवाना किंवा मक्ता म्हणत असत. हे तिन्ही शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले आहेत, म्हणून तुम्हांला ते परके वाटणार नाहीत. विसाव्या शतकात राजाच्या जागी कंपनी आली. कंपनीचे नाव वापरून दुकान चालवण्याचा परवाना म्हणजे फ्रँचायझी. क्रिकेटचा संघ चालवण्याचा परवाना म्हणजेही फ्रँचायझी. अशा रीतीने दुकान आणि क्रिकेटचे कोडे सुटले.

या घराण्यातील आणखी दोन शब्द तुम्ही ऐकले असतील. मनमोकळे बोलणाऱ्या माणसाला ‘फ्रँक’ म्हणतात. टपाल कार्यालयात पाकिटावर यंत्राने शिक्का मारतात, त्याला ‘फ्रँकिंग’ म्हणतात. पूर्वी ब्रिटिश पार्लमेंटच्या सभासदाने पाकिटावर सही केली, की ते पत्र विनाशुल्क जाई. म्हणजे पत्राला टपालखर्चातून मोकळीक मिळे. सभासदांची ही सवलत १८४० साली बंद झाली, पण शब्द मात्र राहिला.

आता राहिला मताधिकार. सुरुवातीला ‘एन्फ्रँचाइझ’ करणे म्हणजे एखाद्या शहराला पार्लमेंटमध्ये प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क देणे, असाही अर्थ होता. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये विचित्र स्थिती होती. ओल्ड सॅरम या ठिकाणी वस्ती जवळजवळ उरली नव्हती. तरीही तेथून पार्लमेंटमध्ये २ सभासद जात. याउलट मँचेस्टर हे गिरण्यांचे मोठे शहर असूनही त्याला स्वतःचा एकही सभासद नव्हता. लोकांनी सभा घेतल्या, अर्ज केले, आंदोलने केली. अखेर १८३२ साली कायदा बदलला. मँचेस्टर, बर्मिंगहॅम आणि लीड्स ही शहरे ‘एन्फ्रँचाइझ’ झाली.

परंतु शहराला हक्क मिळाला म्हणून शहरातल्या प्रत्येकाला तो मिळाला असे नाही. १८३२ च्या कायद्याने मत फक्त ठरावीक मालमत्ता असलेल्या पुरुषांना दिले. १८६७ साली शहरांतील अनेक कामगारांना मत मिळाले. १८८४ साली खेड्यांतील अनेक मजुरांना मिळाले. स्त्रियांना मात्र फार वाट पाहावी लागली. १९१८ साली ३० वर्षांवरील काही स्त्रियांना मत मिळाले आणि १९२८ साली स्त्री-पुरुषांचा मताधिकार समान झाला. म्हणजे १८३२ पासून १९२८ पर्यंत ९६ वर्षे लागली. यांतील प्रत्येक पायरी मागणी केल्यानंतरच चढता आली.

हक्क देण्याचा शब्द असतो, तसा हक्क काढून घेण्याचाही शब्द असतो. इंग्रजीत त्यासाठी ‘डिसएन्फ्रँचाइझ’ असे क्रियापद आहे. त्याचे उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात सापडते. तेथे १८६५ साली गुलामगिरी बंद झाली. १८७० साली संविधानात दुरुस्ती झाली आणि वंश किंवा रंग यांवरून कोणाचे मत नाकारू नये, असे ठरले. या एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ, म्हणजे दास्यातून सुटका आणि मताचा हक्क, तेथील कृष्णवर्णीय लोकांच्या आयुष्यात पाच वर्षांच्या आत आले. पण पुढे दक्षिणेकडील राज्यांनी नव्या युक्त्या काढल्या. मत देण्यासाठी कर भरण्याची अट घातली. वाचन-लेखनाची परीक्षा ठेवली आणि ती घेताना पक्षपात केला. कायद्याच्या पुस्तकात हक्क होता, पण मतपेटीपर्यंत पोहोचता येत नव्हते. मोठ्या चळवळीनंतर १९६५ साली नवा कायदा झाला, तेव्हा हे अडथळे बरेचसे दूर झाले.

कॅनडामधील उदाहरण याहून वेगळे आहे. तेथे या क्रियापदाचा अर्थच उलटा झाला. १८५७ च्या व त्यानंतरच्या कायद्यांनी तेथील मूळ रहिवाशांना ‘एन्फ्रँचाइझ’ करण्याची योजना आखली. ऐकायला हे चांगले वाटते. पण त्यासाठी त्या माणसाला आपल्या जमातीतील कायदेशीर स्थान सोडावे लागे. १८७६ च्या कायद्यात तर अशी तरतूद होती, की मूळ रहिवाशाने विद्यापीठाची पदवी मिळवली की तो आपोआप ‘एन्फ्रँचाइझ’ होईल. म्हणजे शिकायचे असेल तर आपल्या लोकांतील स्थान गमवायचे! साहजिकच फार थोडे लोक आपणहून या योजनेत गेले. १९६० साली तेथील मूळ रहिवाशांना आपले स्थान न सोडता देशाच्या निवडणुकीत मत देता येऊ लागले. १९८५ साली ही जुनी योजना कायद्यातून पूर्णपणे काढून टाकली. यावरून एक गोष्ट लक्षात येते. हक्क देताना कोणी आपली ओळखच मागत असेल, तर तो हक्क नसून सौदा असतो.

आपल्या देशात काय घडले? इंग्रजांच्या राज्यात मत फार थोड्यांना होते. जमिनीचा सारा, आयकर, मालमत्ता किंवा शिक्षण यांवर ते अवलंबून असे. मत कोणाला द्यावे हे ठरवण्यासाठी इंग्रज सरकारने साउथबरो समिती नेमली. तिच्या नावातही ‘फ्रँचाइझ’ हा शब्द होता. जानेवारी १९१९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईत या समितीपुढे साक्ष दिली. अस्पृश्य समाजाकडे मालमत्ता नाही, म्हणून मालमत्तेची अट त्यांच्यासाठी खूप खाली आणावी आणि त्यांना स्वतःचे प्रतिनिधी असावेत, अशी मागणी त्यांनी केली. त्याच वर्षी मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन टाटा लंडनला गेल्या. भारतीय स्त्रियांना मत मिळावे, अशी बाजू त्यांनी तेथे मांडली. ब्रिटिश पार्लमेंटने हा निर्णय इलाख्यांच्या कायदेमंडळांवर सोपवला. त्यानंतर १९२१ साली मद्रास व मुंबई या इलाख्यांनी स्त्रियांना मताधिकार दिला. अर्थात मालमत्तेच्या अटी त्यांनाही होत्याच.

१९२८ साली नेहरू समितीच्या अहवालाने सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मत असावे, अशी शिफारस केली. डॉ. आंबेडकरांनीही त्याच वर्षी सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. तरीही १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत सुमारे ३ कोटी लोकांनाच मताचा हक्क होता.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने हे सगळे बदलले. ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मताधिकार मिळाला. जमीन आहे का, कर भरता का, लिहिता-वाचता येते का, असे काहीही विचारले गेले नाही. त्या वेळी देशात शंभर माणसांमागे सुमारे १८ जणच साक्षर होते. तरीही १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार नोंदले गेले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी प्रत्येक पक्षाला चिन्ह दिले गेले. इंग्लंडने जो पल्ला ९६ वर्षांत गाठला, तो भारताने एका कलमाने गाठला.

पण या आनंदाच्या गोष्टीत एक दुःखाची बाजूही आहे. मतदारयाद्या तयार करताना अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. “अमक्याची आई” किंवा “तमक्याची बायको” अशी नोंद त्यांनी करवली. परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगू नये, अशी त्यांच्याकडे रीत होती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारण्यास नकार दिला. स्त्रियांना नाव सांगण्यासाठी जादा मुदत दिली गेली. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत येऊ शकली नाहीत. संविधानाने त्यांना हक्क दिला होता, पण त्या दिवशी त्यांना तो वापरता आला नाही. हक्क मिळण्यासाठी आधी ‘मी’ असे म्हणावे लागते आणि आपले नाव सांगावे लागते, हे यातून दिसते. पुढच्या काळात स्त्रिया स्वतःच्या नावाने यादीत आल्या आणि रांगेत उभ्या राहून मत देऊ लागल्या.

सुरुवातीला मतदाराचे वय २१ वर्षे होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ वर्षे झाले. ही दुरुस्ती मार्च १९८९ मध्ये अमलात आली. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांना शाळा सोडल्यावर थोड्याच वर्षांत मत देता येईल. आता १७ वर्षे पूर्ण झाल्यावर नाव नोंदवण्यासाठी आगाऊ अर्जही करता येतो.

शेवटी आपल्या दोन भाषांकडे पाहू. मराठीत या हक्काला ‘मताधिकार’ म्हणतात. ‘मत’ आणि ‘अधिकार’ हे दोन्ही शब्द संस्कृतातले आहेत. उर्दूत त्याला ‘हक-ए-राय-दही’ म्हणतात. यातील ‘दही’ म्हणजे भाकरीबरोबर खायचे दही नव्हे, बरे का! फारसीत त्याचा अर्थ ‘देणे’ असा आहे. राय देण्याचा हक तो हक-ए-राय-दही. आणि हा अरबी ‘हक’ मराठीत ‘हक्क’ म्हणून कायमचा राहिला आहे. अरबीत त्याचा आणखी एक अर्थ आहे ‘सत्य’.

या तीन भाषांतील शब्दांत एक सुंदर फरक आहे. इंग्रजी क्रियापदात कोणीतरी वरचा माणूस खालच्याला मोकळा करतो. राजा देतो, जमीनदार सोडतो, सरकार बहाल करते. मराठी आणि उर्दू शब्दांत मात्र देणारा वेगळा आहे. तेथे नागरिक स्वतः देतो. तो आपले मत देतो, आपली राय देतो. आपल्या संविधानाने याच अर्थाला मान दिला आहे. म्हणून मताधिकार ही कोणी केलेली मेहेरबानी नाही. ज्यांनी तो मागितला, त्यासाठी साक्षी दिल्या, समुद्रापलीकडे जाऊन अर्ज केले, त्यांच्यामुळे तो आपल्यापर्यंत आला आहे. तुमच्या घरी आजी, आई, मोठी बहीण असेल. त्यांचे नाव मतदारयादीत आहे का आणि ते बरोबर लिहिले आहे का, हे त्यांना वाचून दाखवा. तुम्ही १८ वर्षांचे झालात, की त्याच यादीत तुमचेही नाव लिहवून घ्या.

स्वाध्याय

१. ‘फिरंगी’ आणि ‘फ्रँचाइझ’ या शब्दांचे नाते तुमच्या शब्दांत सांगा.

२. ‘एन्फ्रँचाइझ’ या क्रियापदाचे पाठात आलेले कोणतेही तीन अर्थ लिहा.

३. पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीत का आली नाहीत?

४. कारण सांगा : कॅनडातील मूळ रहिवाशांना ‘एन्फ्रँचाइझ’ होणे नकोसे वाटे.

५. हक्क, सनद, परवाना यांसारखे मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.